गाणगापूरची म्हैस आणि मच्छीमार नगरातला शेरा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रीदत्तात्रेयांची तसबीर आपल्यापैकी बहुतेकांच्या देव्हाऱ्यात आहे. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, वर औदुंबर आणि पायाशी चार कुत्रे. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि नातवंडांना तसंच सांगत आलो. अर्थ बरोबरच आहे. पण अर्थ पाठ झाला की माणूस चित्राकडे बघायचं सोडतो. आज घरी गेल्यावर तसबीर जरा नीट बघा. आमच्या घरच्या तसबिरीत एक कुत्रा मान वर करून महाराजांच्या तोंडाकडे बघतो आहे, एक बाहेर बघतो आहे, दोघे नुसतेच बसलेत. एकाच्याही गळ्यात साखळी नाही.

दुसरी एक गंमत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा… यादी मोठी आहे. पिंगळा वेश्या आहे, बाण करणारा कारागीर आहे, कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा तोसुद्धा आहे. पण कुत्रा नाही! मला हे फार दिवस खटकत होतं. रात्रंदिवस जो पायाशी बसतो त्याचं नाव यादीत नाही, हे कसं? बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे नाव सुटलं की आधी आकडेमोड पुन्हा तपासायची सवय. पुन्हा मोजले, चोवीसच भरले. मग मनाशी असं लावलं की ते चोवीस जण अवधूताला वाटेत भेटले; त्यांच्याकडून जे घ्यायचं ते त्याने घेतलं आणि तो पुढे गेला. हे चार मात्र बरोबर चालत आले. त्यांच्याकडून काय घेतलं याचा हिशेब नाही. त्यांना जवळ ठेवलं, एवढंच दिसतं. हा माझा अर्थ आहे, शास्त्रीबुवांचा नव्हे. पटला तर घ्या.

आता हे सगळं आठवायचं कारण सांगतो. गेल्या वर्षी मार्गशीर्षात मच्छीमार नगरातल्या एका मावशींनी मला एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता, पण त्यावर एका मुक्या जिवाचं घर ठरणार होतं.

कफ परेडचं मच्छीमार नगर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. वर मान केली तर टॉवर, खाली बघितलं तर होड्या. बॅकबेच्या पाण्याला लागून कोळ्यांची दाट वस्ती, पलीकडे बधवार पार्कची रेल्वेची कॉलनी. पुरुष दाराशी बसून जाळी सांधतात, बायका पहाटे मासळी आणायला बाहेर पडतात. माझी शेवटची काही वर्षं त्या भागातल्या शाखेत गेली, म्हणून ओळखी झाल्या. पासबुक भरता भरता दत्ताचा विषय निघाला, आणि निवृत्तीनंतर गुरुवारी संध्याकाळी तिथे एका घरी पोथी वाचायला जायची सवय लागली. मी गिरगावातून बसने जातो. कोळी माणसाची भक्ती बघायची असेल तर तिथे या. अवधूताचा मासा हा गुरू मी वाचून दाखवला, की जिभेच्या लोभाने गळाला लागतो तो मासा, तेव्हा सगळे खो खो हसले होते. एक म्हातारा म्हणाला, "साहेब, गळ टाकणाऱ्याला त्यांनी गुरू केला नाय ना? मग बरं."

तिथलेच एक तांडेल. वय सत्तरीच्या घरात, होडी आता मुलगा नेतो. दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका बंद पडलेल्या कामाच्या जागेवर एक अल्सेशियन कुत्रा बांधलेला पोरांना सापडला. पाठीवर काळा, पायांशी तांबूस, मोठ्या जातीचा. राखणीचं कंत्राट संपलं, माणसं उठून गेली, पत्रे आणि साखळी तिथेच राहिली, साखळीला हा. कुणाचं कंत्राट वगैरे त्यात मी जात नाही. गळ्यातल्या पट्ट्याखाली जखम झाली होती, अंगभर गोचिडी होत्या, मागचे पाय नीट टेकत नव्हते. पोरांनी शेरा म्हणून हाक मारायला सुरुवात केली. आमच्या बँकेत शेरा म्हणजे साहेबाने फाइलवर मारलेला. या फाइलवरचा शेरा लिहिणाऱ्याने कधीच लिहून टाकला होता: उपयोग संपला.

तांडेलांनी त्याला घरी आणलं. घर म्हणजे एक खोली, वर माळा, पुढे ओटा.

पहिले काही दिवस शेरा खाईना. ताट पुढे ठेवलं की ताटाकडे बघायचा, मग माणसाच्या तोंडाकडे. तिसऱ्या दिवशी तांडेल कंटाळून म्हणाले, "घे की रे आता," आणि त्याने खाल्लं. परक्याच्या हातचं, हुकमाशिवाय खायचं नाही, असं त्याला कधीतरी शिकवलेलं असणार. रात्री तर वेगळाच प्रकार. दर तास-दीड तासाने उठायचा, लंगडत ओट्यावरून खाली उतरायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सगळं हुंगून परत यायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. गस्त! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की नोकरी संपली. आपल्यातले किती जण निवृत्तीनंतर सहा महिने सकाळी नऊला कपडे करून बसत होते, आठवा.

मंडळी, राखणीची, पोलिसांची, मेंढपाळाची म्हणून जी कुत्र्यांची जात आहे तिला काम हे अन्नासारखं लागतं. नुसतं खाऊ घालून, गोंजारून ती सुखी होत नाही, चिडकी होते, जागच्या जागी फिरत राहते. तांडेलांना हे कुणी शिकवलं नाही. पण जन्म समुद्रावर गेला. त्यांनी त्याला काम दिलं. जुन्या जाळ्याचा तुकडा किंवा बोयरं कुठेतरी लपवायचं आणि "हुडक" म्हणायचं. पाय चालत नसले तरी नाक चालतं. सापडलं की शेरा त्याच्यापाशी बसतो आणि बघत राहतो. दहा मिनिटं असं नाक चाललं की तासभर शांत झोपतो.

तर प्रश्न. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस त्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. मावशी स्वतः वाचतात, शाळा चौथीपर्यंत, पण ओवीला अडखळत नाहीत. गेल्या वर्षी कुणीतरी जाणत्याने त्यांना सांगितलं, घरात कुत्रं असताना पोथी लावली तर दोष लागतो. सप्ताह तरी करा नाहीतर कुत्रं तरी ठेवा. मावशी रडवेल्या झाल्या होत्या. अठरा वर्षांचा नेम. एका संस्थेत विचारून झालं होतं, म्हातारा कुत्रा घ्यायला तिथे जागा नव्हती. "साहेब, पोथी सोडू का याला सोडू? तुम्ही सांगाल ते करते."

मी त्यांना म्हटलं, पोथीलाच विचारू. आणि बावीसावा अध्याय काढला.

आपल्या सगळ्यांना तो माहीत आहे. वांझ म्हशीने दूध दिलं, अशी एका ओळीत आपण त्याची वाट लावतो आणि पुढच्या अध्यायाला लागतो. जरा थांबून वाचा. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरी संगमावर राहत होते, दुपारी भिक्षेला गावात येत. गावात संपन्न ब्राह्मणांची घरं पुष्कळ. महाराज मात्र एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारी वरचेवर जात, आणि यावर गावात कुजबुज होती की पंचपक्वान्नं सोडून स्वामी तिथे काय खायला जातात. त्या ब्राह्मणाकडे होतं काय? एक म्हैस. कशी? म्हातारी, दात पडलेली, जन्मात न व्यालेली, नाकात वेसण घातलेली. दुधासाठी ती नव्हतीच. माती वाहायला लोक तिला भाड्याने नेत आणि त्या भाड्यावर घर चाले. म्हणजे ओझ्याचं जनावर, आणि ते ओझंसुद्धा आता फार दिवस वाहील असं नाही.

वैशाखाचं ऊन. त्या दिवशी म्हशीला कुणी नेलं नव्हतं, ती दारात बांधलेली. ब्राह्मण भिक्षेला गेलेला. महाराज आले आणि त्या माउलीला म्हणाले, दारात म्हैस असून दूध का घालत नाहीस? ती म्हणाली, महाराज, ही वांझ आहे, दात पडलेत, रेड्यासारखी राबते. महाराज म्हणाले, खोटं कशाला बोलतेस, दोहून बघ. ती बसली आणि भांडी भरून दूध निघालं. दुसऱ्या दिवशी माती वाहायला म्हैस मागणारे आले, त्यांना परत जावं लागलं.

आता बघा. गावात दुभत्या गाईंना काय तोटा होता? स्वामींना दूधच हवं होतं तर कुठल्याही वाड्यात मिळालं असतं. त्यांनी दार निवडलं ते ज्या दारात काम करून थकलेलं जनावर अजून बांधलेलं होतं, विकून टाकलेलं नव्हतं, त्या दाराचं. त्या माउलीने चमत्कारासाठी म्हैस ठेवली नव्हती. तिला तर दूध निघेल अशी शंकासुद्धा नव्हती. मी मावशींना विचारलं, म्हातारं, दात पडलेलं, राबून झालेलं जनावर कुणाच्या दारात आहे सध्या? मावशींनी ओट्याकडे बघितलं. शेरा झोपला होता.

एक सांगून ठेवतो, नाहीतर कुणी म्हणेल कुत्रा पाळला की महाराज दूध काढून देतात. शेराकडून काही निघणार नाही. औषधाचं बिल निघेल.

आणि दत्त या शब्दाचा अर्थ काय? दिलेला. अत्रिऋषींना भगवंताने स्वतःलाच देऊन टाकलं म्हणून तो दत्त. दत्तक हा शब्द त्याच घरातला आहे. रस्त्यावरच्या जिवाला आपण दत्तक घेतो म्हणताना महाराजांचं अर्धं नाव तोंडात येतं, हे लक्षातही येत नाही.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण जागा तीच आहे. याच मच्छीमार नगरच्या किनाऱ्याला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी बोटीतून दहा जण उतरले. अमावास्येची आदली रात्र होती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. त्या तीन दिवसांत माणसांच्या बरोबरीने पोलिसांचे कुत्रे राबले. मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर ही त्यांची नावं. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी टाकून दिलेले हातबॉम्ब सीझरने हुडकले, नाहीतर स्टेशनातल्या गर्दीत आणखी काय झालं असतं कोण जाणे. त्यांच्या आधी १९९३ च्या स्फोटांच्या वेळी झंजीर होता. पोलिसांच्या नोंदीत त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब जमा आहेत. आमच्या लेजरमध्ये कुणाच्या खात्यावर एवढी जमा मी पाहिली नाही. तो हाडाच्या कर्करोगाने नोव्हेंबर २००० मध्ये गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला.

या कुत्र्यांना एक गोष्ट शिकवलेली असते. स्फोटकाचा वास लागला की भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही. जवळ जाऊन गप्प बसायचं. बसला की हाताळणाऱ्याने ओळखायचं. आपण उपासनेत इतकी वर्षं आहोत; काही थोडं गवसलं की पहिल्यांदा चार जणांना फोन करतो.

बक्षीस म्हणून त्यांना चेंडू मिळतो किंवा खाऊ. ज्याने शहर वाचवलं त्याला एक चेंडू. आणि तो खूश.

मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर म्हातारे झाल्यावर कुठे गेले? विरारला शेत असलेल्या एका प्राणिप्रेमी बाईंनी त्यांना आपल्याकडे नेलं. चौघांना एकाच जागी. ते महत्त्वाचं, कारण ते आयुष्यभर एकत्र राबले होते. २०१६ साली एकामागून एक गेले. आधी मॅक्स, मग सुलतान, मग जुलैत टायगर. टायगर गेल्यावर सीझरने अन्न टाकलं. आजारी पडला, उपचार झाले, पण ऑक्टोबरमध्ये तोही गेला. त्याला तिरंग्यात गुंडाळून निरोप दिल्याचं छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पेपरात पाहिलं असेल. चार कुत्रे! महाराजांच्या पायाशी किती आहेत? मी यात चमत्कार शोधत नाही, संख्या जुळली म्हणून देव दिसला म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण ती बातमी वाचल्यापासून तसबिरीतले चार मला नुसते वेद म्हणून दिसेनात, त्यांना चेहरे आले.

सगळ्यांचं नशीब विरारचं नसतं. आपल्या सैन्यातसुद्धा काम संपलेल्या कुत्र्यांना पूर्वी इंजेक्शन देऊन संपवत. २०१५ साली तो विषय दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, मग धोरण बदललं. आता मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातून निवृत्त कुत्रे दत्तक दिले जातात. खाजगी राखणीच्या कुत्र्यांना तेवढाही वाली नाही. त्यांना पेन्शन नाही, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा नाही. त्यांची हयात कुणाला बघायची असते?

आपलं मुंबई शहर या बाबतीत अगदीच कोरडं नव्हतं हो. १८३२ साली इंग्रज सरकारने भटके कुत्रे मारायचा हुकूम काढला, तेव्हा कोटातले पारशी रस्त्यावर उतरले आणि शहर बंद पाडलं. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर लागते. परळचं जनावरांचं मोठं हॉस्पिटल, ज्याला आपण सगळे बैलघोडा म्हणतो, तेही बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं, पेटिट शेटजींच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभं राहिलेलं. शेराला तांडेलांनी तिथेच नेलं, टॅक्सीवाल्याला दुप्पट भाडं कबूल करून.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण वाचून कुणाच्या मनात आलं तर उद्या फजिती नको.

पहिलं आपलं वय बघा. असा कुत्रा तीस-पस्तीस किलोचा असतो. त्याने एक झटका दिला तर सत्तरीचा माणूस आडवा होईल, मग दोघांनाही परळ आणि केईएम. घरात एक तरी तरुण हात हवा. या जातीचं आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचं, म्हणजे आठ-नऊ वर्षांचा घेतलात तर थोडीच वर्षं हातात. मला विचाराल तर आपल्या वयाला म्हातारा कुत्राच बरा. पिल्लू घेऊन, आपल्यामागे त्याचं कोण करणार ही चिंता कशाला? त्याच्या मागे आपण उरू असाच घ्यावा. आणि घरी आणण्याआधी मुलाशी, सुनेशी बोलून घ्या. पाठचा माणूस कोण ते ठरलेलं असावं, जसं खात्याला नॉमिनी लावतो तसं.

आणल्यावर लगेच आंघोळ, लगेच पाहुणे, लगेच नातवंडांचे फोटो, हे नको. एक कोपरा द्या, पाणी द्या आणि पंधरा दिवस त्याला आपल्याला बघू द्या. डॉक्टरांकडे रक्त तपासा. मुंबईत गोचिडीचा ताप या मोठ्या कुत्र्यांना फार. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टो माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो, त्याची लस असते. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या मुदतीत, चुकवायची नाही. अल्सेशियनची कंबर आणि मागचे पाय म्हातारपणी जातातच. गुळगुळीत लाद्यांवर ते घसरतात, म्हणून वाटेत गोणपाट किंवा रबरी पट्टी टाका. तांडेलांनी जुन्या जाळ्याच्या घड्या घालून त्याला अंथरूण केलंय, वर गोधडी. वजन वाढू देऊ नका. दुखऱ्या कमरेवर एकेक किलो भारी पडतो.

आणि हे अधोरेखित करा: आपल्या गुडघेदुखीची गोळी त्याला कधीही द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही. ज्या गोळीने आपल्याला रात्रीची झोप लागते तिने त्याचं मूत्रपिंड जाऊ शकतं. त्याच्या दुखण्याला त्याचं वेगळं औषध आहे.

तसंच आपला गुरुवार. देवळातून निघताना बाहेरच्या कुत्र्यांना क्रीमचं बिस्किट, पेढा, चॉकलेट घालणारे पुष्कळ. भाव चांगला आहे. पण चॉकलेट कुत्र्याला विष आहे, आणि बेदाणे-मनुकाही. कांदाही त्याला सोसत नाही. शिऱ्यातले बेदाणे आपण कौतुकाने वेचून कुत्र्याला घालतो, ते त्याच्या मूत्रपिंडावर जातात. सुकं बोंबील, सुकट यात मीठ भयंकर, तेही नको. दत्ताच्या कुत्र्याला काही घालायचंच तर साधी पोळी घाला, उकडलेलं अंडं घाला, उन्हाळ्यात पाण्याचं भांडं ठेवा.

अंडं म्हटल्यावर काही कपाळांवर आठ्या आल्या असतील. तर मूळ प्रश्नाकडे येतो. मार्गशीर्षात घरात वशाट नाही, सप्ताहात तर नाहीच, मग कुत्र्याचं काय? काही जण म्हणतात, आमच्या कुत्र्याला आम्ही वरणभातावर ठेवतो. ठेवता येतो, पण डॉक्टरला विचारून, आणि म्हाताऱ्या आजारी कुत्र्याचं खाणं एकदम पालटलं तर त्याचं पोट बिघडतं. व्रत आपलं आहे, त्याचं नाही. त्याने संकल्प सोडलेला नाही. आपल्या पुण्यासाठी दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे कुठल्या पोथीत बसतं?

पण म्हणून सोवळं गुंडाळून ठेवा असंही मी म्हणणार नाही. आजकाल कुणी उठतो आणि म्हणतो देवाला सगळं चालतं. देवाला चालत असेल, आपलं मन थाऱ्यावर राहायला नियम लागतात. जागा एक, आसन एक, वेळ एक, दिवा, जमिनीवर झोपणं, एकवेळचं साधं जेवण. सात दिवस माणूस बांधून घेतो तेव्हा कुठे ओवी आत उतरते. कुत्र्याचे केस चौरंगावर उडत असतील तर वाचणाऱ्याचं लक्ष केसांवरच जाणार. म्हणून आम्ही बसून मार्ग काढला. पहाटे मुलगा शेराला बंदरावर फिरवून आणील. मावशी आंघोळ करून माळ्यावर आसन मांडतील. चौरंग, पोथी, दिवा सगळं वर. कुत्रा चढूच शकत नाही तिथे, त्याची कंबर कुठे साथ देते! वाचन होईपर्यंत तांडेल त्याला घेऊन ओट्यावर. आणि त्याचं खाणं घरात शिजवायचंच नाही. तांडेल म्हणाले, होडीवर स्टोव्ह आहे, त्याच्यावर मी कोंबडीचा भात लावीन, बिनमिठाचा. सात दिवस सत्तरीचा माणूस दोन वेळा होडीवर चढून कुत्र्याचा भात शिजवून आणत होता. त्यालाही मी पारायणच म्हणतो. वर एक, खाली एक.

ज्या जाणत्याने दोष सांगितला त्यांचा मान राखून एकच विचारावंसं वाटलं. गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत ज्ञानी कुणाला म्हणतात? जो विद्वान ब्राह्मणात, गाईत, हत्तीत आणि कुत्र्यात एकच पाहतो त्याला. त्या यादीत कुत्र्याचं नाव घालायची काही गरज होती का? गाय आणि हत्तीवर भागलं असतं. ज्याच्याबद्दल आपल्याला अडचण वाटणार, नेमकं तेच नाव घातलंय.

आणि धर्मराज. महाप्रस्थानात द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, हस्तिनापुरापासून मागे लागलेला कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रेवाल्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराजाने काय सांगितलं? आश्रयाला आलेल्याला टाकणं हे महापातकांच्या बरोबरीचं, मी येत नाही. आपण गोष्ट सांगताना घाई करतो, की तो कुत्रा म्हणजे यमधर्म होता. पण युधिष्ठिराला ते कुठे ठाऊक होतं? त्याच्या लेखी तो साधा कुत्रा होता, धुळीने भरलेला, आणि त्याच्यासाठी त्याने रथ परत पाठवायची तयारी केली. तो धर्म आहे हे आधी कळलं असतं तर त्यात काय मोठं? कुणीही नेला असता.

मी हे सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हणजे शेरा पण कोण असेल ते आपल्याला काय माहीत?" मी म्हटलं, शेरा शेराच आहे, मावशी. तेवढं पुरे.

सप्ताह झाला. तिसऱ्या दिवशी रात्री शेजारच्या लग्नाचे फटाके सुरू झाले आणि शेरा थरथरत बाथरूमच्या कोपऱ्यात जाऊन बसला. राखणीचा कुत्रा आवाजाला भीत नाही असं आपण समजतो. म्हाताऱ्याला सगळ्याची भीती वाटते. तांडेल दार लावून, रेडिओ मोठा करून त्याच्याजवळ लादीवर बसून राहिले, वाटलं तर त्याने यावं म्हणून हात पुढे ठेवून. ओढून काढला नाही. तासाभराने तो आपण होऊन आला. गस्त अजून सुटलेली नाही, पण आता रात्री दोनदाच उठतो. तांडेलांनाही तेव्हा लघवीला उठावंच लागतं. टॉर्च घेऊन दोघे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात.

पौर्णिमेला संध्याकाळी जन्माचा अध्याय झाला, फुलं उधळली, आरती झाली. शेरा उंबऱ्याबाहेर बसला होता, घंटा वाजली तशी त्याने मान वर केली. प्रसादाला शिरा होता. मावशींनी द्रोण हातात ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की शिऱ्यात बेदाणे नव्हते, नुसते काजू होते, तेही मोजके. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. शिरा नेहमीसारखाच झाला होता.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥